आमच्या घरची गिरणी

वेगाचा लोभ मनुष्यास कोणत्या निमित्ताने जडेल याचा नेम नाही. आम्हांस तो तीर्थरूपांच्या कीर्तनांमुळे जडला! ते हौसेने कीर्तन करीत. त्यांच्या मागे घरात ६० ध्वनिफिती उरल्या. त्यांत त्यांचा आवाज तबलापेटीखाली व श्रोत्यांच्या गलबल्याखाली दबून गेलेला. तो मोकळा करणारी एक आज्ञावली आम्ही आमच्या जुन्या संगणकावर चालविली, तो एका फितीस ४५ मिनिटे लागू लागली.

संगणकाचा प्रोसेसर २०११ सालचा, इंटेलचा कोअर आय५-२५००के. त्याचा नेमलेला वेग ३.३ गीगाहर्ट्झ, परंतु तो वाढविण्याची मुभा कारखान्यानेच मालकास ठेविलेली. आम्ही तो ४.४ वर नेला. एवढ्या वेगास पूर्वीचा विद्युद्दाब पुरेना, तेव्हा १.२ व्होल्टांचे १.३५ केले. फीत ३४ मिनिटांत उरकू लागली व आम्ही स्वतःवर बेहद्द खूष झालो.

शुद्ध झालेली फीत मातोश्रींनी खाटेवर पडून ऐकावी व त्याच वेळी त्याच खोलीत संगणकाने पुढली फीत हाती घ्यावी, असा आमचा क्रम होता. पहिल्याच रात्री मातोश्री म्हणाल्या, “अरे, यांच्या आवाजामागे ही गिरणी कशाला लावलीस?”

गिरणी म्हणजे प्रोसेसरवरील पंखा. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते हे आम्हांस ठाऊक होते. ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते, याकडे आम्ही लोभाने कानाडोळा केला. वेग एकतृतीयांशाने वाढला, उष्णता मात्र सुमारे ७० टक्क्यांनी! ती घालविण्यास पंखा मिनिटास १,६०० फेरे घेई. रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखविले होते की, ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसा दाबही उतरविता येईल. २००५ च्या सुमारास दाब त्या प्रमाणात उतरेनासा झाला आणि वेगाची चढण तेथेच खुंटली. मोठमोठ्या कारखान्यांचे जेथे चालले नाही, तेथे आम्ही चालविणार होतो!

मग आम्ही उलट्या बाजूने निघालो. कारखाना दाबाचे माप जरा सैलच ठेवतो, तेव्हा वेग ४.० करून दाब १.१५ वर आणला. पंखा शांत झाला. पण एका फितीत ऐन पूर्वरंगाच्या भरात ‘टक्’ असा खटका आला. मूळ फितीत तो नव्हता. अपुऱ्या दाबाने यंत्र बंद पडले तर पत्करले. ते मुकाट्याने चुकू लागले म्हणजे काय करावे? त्या आठवड्याच्या सातही फिती आम्ही पुन्हा केल्या.

शेवटी १.२ व्होल्टांवर, कारखान्याच्याच दाबावर, ४.० चा वेग रात्रभर तावून पाहिला, तो टिकला. फीत ३७ मिनिटांत होऊ लागली. म्हणजे गिरणी चालवून आम्ही मिळविली होती ती ३ मिनिटे! पंखा ८०० फेऱ्यांवर आला. फेरे निम्मे झाले की वारा निम्मा होतो, पण गोंगाट सुमारे १५ डेसिबलांनी उतरतो. या हिशेबाने आम्ही प्रथमच निसर्गाचे आभार मानले.

हे सारे जानेवारीतले. मे महिन्यात पुण्यातली आमची खोली ११ अंशांनी तापली आणि प्रोसेसरही जवळजवळ तितकाच. छताचा पंखा घरघरत असता कोणाच्या ध्यानी आले नसते. पण उत्तररंग लागला की मातोश्री तो बंद करावयास लावीत. आम्ही वेग ३.६ वर उतरविला, दाबही थोडा उतरविला व घाम पुशीत बसलो.

एके रात्री आख्यान संपता संपता त्या उठून बसल्या. “यात मामांचा खोकला होता. तो कुठे गेला?”

तो आमच्या आज्ञावलीने गलबल्याबरोबर गाळून टाकला होता. आम्ही मूळ फीत काढून जुन्या टेपरेकॉर्डरवर लावली. संगणक बंदच ठेविला.