हंगामापूर्वीची भाकिते

ज्योतिषावर माझा विश्वास नाही, असे मी आजवर चारचौघांत अनेकदा सांगितले आहे आणि ऐकणाऱ्यांनीही, प्राध्यापक मनुष्य आहे तेव्हा असेच बोलायचा, म्हणून ते सोडून दिले आहे. पत्रिका, गोचर, साडेसाती यांची मी यथेच्छ थट्टा करतो. परंतु दरवर्षी जून महिन्यात नवा वर्ग समोर येऊन बसला की पंधरा दिवसांच्या आत मी हजेरीपटाच्या समासात प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने एक बारीकशी खूण करून ठेवतो. हा पहिल्या वर्गात येईल, ही दुसऱ्यात, हा कसाबसा तरेल, हा मधूनच सोडून जाईल. हेही ज्योतिषच, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत उमगले नव्हते. ते उमगले एका परदेशात, मला पुरता न कळणाऱ्या एका खेळाच्या निमित्ताने.

2019 सालच्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतील लुइझियाना संस्थानात, बॅटन रूज या गावी दोन महिने राहिलो. तेथील विद्यापीठातून 1935 साली क्लिअन्थ ब्रूक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी ‘द सदर्न रिव्ह्यू’ हे त्रैमासिक सुरू केले होते. कवितेकडे कवीच्या चरित्रावरून न पाहता तिच्या शब्दांवरून पाहावे, हा पाठ ज्यांनी आमच्या पिढीच्या इंग्रजी शिक्षकांना दिला, त्यांच्या जुन्या अंकांतून चार दिवस रमावे एवढाच माझा हेतू होता. सोय म्हणाल तर माझा भाचा त्या गावी तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात नोकरीस आहे. भादव्यातल्या कोकणाची आठवण व्हावी असा तेथील दमट उकाडा, गावाला बिलगून वाहणारी गढूळ, विस्तीर्ण मिसिसिपी, आणि विद्यापीठाच्या आवारात प्रशस्त पिंजऱ्यात ठेवलेला एक जिवंत वाघ! हा वाघ म्हणजे विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे दैवत. त्याच्या निवासासमोरच एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसू शकतील असे क्रीडागार आहे. वाङ्मयाच्या शोधात गेलेल्या मला पहिल्याच दिवशी कळून चुकले की या गावात ‘सदर्न रिव्ह्यू’चे नाव ऐकलेला मनुष्य शोधावा लागतो; फुटबॉलविषयी मत नसलेला मनुष्य मात्र शोधूनही सापडत नाही.

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून सर्वस्वी निराळा. त्यात पायाचे काम थोडे आणि हातांचे फार. अकरा गडी चेंडू घेऊन चढाई करतात, अकरा त्यांना अडवतात. चढाई करणाऱ्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, न सरकले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. पाच धिप्पाड गडी पुढे भिंत करून उभे राहतात. त्यांतला मधला चेंडू मागे देतो आणि तो ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. चेंडू धावणाऱ्याच्या हाती ठेवायचा की दूर पळत सुटलेल्या झेलणाऱ्याकडे फेकायचा, याचा निर्णय त्याने दोन-तीन क्षणांत घ्यायचा, आणि तेवढ्यात ती भिंत कोसळली तर तिच्याखाली त्यानेच सापडायचे. भाच्याने हे सारे मला जेवणाच्या टेबलावर चमचे आणि वाट्या मांडून समजावून दिले. मीठदाणी क्वार्टरबॅक झाली होती.

हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. परंतु खरा हंगाम, असे मला वाटू लागले, त्याच्या आधीच्या महिन्यातच असतो. रोज संध्याकाळी भाच्याच्या पडवीत शेजारची तीन-चार मंडळी जमत आणि यंदाच्या चढाईचे भाकीत चाले. भाच्याने त्यासाठी एक वही घातली होती. प्रत्येक जागेसाठी एक पान, पानावर गड्याचे नाव, गेल्या वर्षीचे आकडे आणि खाली भाच्याचा अभिप्राय. ती वही पाहून मला माझा हजेरीपट आठवला पाहिजे होता. तो तेव्हा आठवला नाही.

मंडळींच्या बोलण्यात आशा होती, पण ती पोळलेल्या माणसाची आशा होती. या संघाचा बचाव नेहमीच बळकट. चढाई मात्र जुन्या वळणाची, बैलगाडीच्या चाकोरीतून जाणारी. चेंडू धावणाऱ्याच्या हाती द्यायचा आणि गर्दीत घुसायचे, हीच रीत. शेजारच्या अलाबामा संस्थानाच्या संघाशी त्यांचे हाडवैर आणि त्या संघाकडून ते लागोपाठ आठ वेळा हरलेले. 2018 साली तर स्वतःच्याच मैदानावर 29 विरुद्ध शून्य! नव्या वर्षी चढाई सुधारणार, असे दर ऑगस्टमध्ये सांगण्यात येई आणि नोव्हेंबरात अलाबामा ते खोटे पाडी. पडवीतले एक वृद्ध गृहस्थ तर सगळे ऐकून घेऊन शेवटी एवढेच म्हणत, “हे मी गेल्या वर्षीही ऐकले होते.”

त्या वर्षी वहीतील पहिले पान जो बरो या क्वार्टरबॅकचे होते. ओहायोच्या बलाढ्य विद्यापीठात तीन वर्षे राखीव गडी म्हणून बाकावर बसलेला हा मुलगा तेथील पदवी घेऊन 2018 साली येथे आला होता. पहिल्या हंगामात त्याने शंभरांतील 57.8 फेकी अचूक पोचवल्या आणि 16 टचडाउन मिळवून दिले. भाच्याचा अभिप्राय : “कणखर, भरवशाचा, पण असामान्य नव्हे.” झेलणाऱ्यांत जस्टिन जेफरसनला त्याने बरा शेरा दिला होता. जमार चेसने आदल्या वर्षी अवघे 23 झेल घेतले होते, म्हणून त्याच्यापुढे “वाट पाहावी.” धावणारा क्लाइड एडवर्ड्स-एलेअर उंचीने आखूड, म्हणून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. शेवटच्या पानावर जो ब्रेडी हे नाव होते. हा गडी नव्हे. न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघातून आणलेला एकोणतीस वर्षांचा साहाय्यक शिक्षक. पाच गडी मैदानाच्या रुंदीभर पसरायचे म्हणजे अडवणाऱ्यांनाही पसरावे लागते, मध्ये मोकळी जागा होते, आणि मग निर्णय क्वार्टरबॅकवर सोपवायचा, अशी त्याची नवी रीत. भाच्याने लिहिले होते, “फरक पडेल; फार नाही.”

“मामा, तुम्हाला काय वाटते?” एकदा त्याने मला विचारले. मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, “मनुष्य एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी जो असतो, तोच पुढे राहतो. आकडे खोटे बोलत नाहीत.” मंडळींनी माना डोलावल्या. ज्याला खेळातले काही कळत नाही त्याचे मत निःपक्षपाती असते, असा समज तेथेही आहे!

31 ऑगस्टचा पहिला सामना मी भाच्याबरोबर त्या प्रचंड क्रीडागारात बसून पाहिला. एके काळी या क्रीडागारात, प्रेक्षकांच्या बैठकींच्या खाली, विद्यार्थ्यांची वसतिगृहे होती. डोक्यावर लाखभर माणसे नाचत असताना खाली मिल्टन वाचणाऱ्या एखाद्या गरीब मुलाचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येत राहिले आणि पुष्कळसा खेळ तेवढ्यात निसटला. निकाल 55 विरुद्ध 3. “प्रतिस्पर्धी दुबळा होता,” वृद्ध गृहस्थ म्हणाले. दुसऱ्याच आठवड्यात मी पुण्यास परतलो.

पुढचे मला भाच्याच्या फोनवरून कळत गेले. टेक्सासला त्यांच्याच मैदानावर 45-38 असे हरवले. नोव्हेंबरात अलाबामाला, त्यांच्याही मैदानावर, 46-41. डिसेंबरात बरोला हाइझमन हे त्या खेळातले सर्वोच्च वैयक्तिक पारितोषिक मिळाले. उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध 63 गुण झाले. अंतिम सामना 13 जानेवारी 2020 च्या रात्री न्यू ऑर्लिन्सला झाला, म्हणजे आपल्याकडे भोगीची सकाळ. घरात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा खमंग वास दरवळत होता आणि मी फोन कानाला लावून बसलो होतो. 42-25! पंधरापैकी पंधरा सामने जिंकले होते आणि हंगामात 726 गुण, म्हणजे एका हंगामातील तोपर्यंतचा उच्चांक, झाले होते. बरोच्या शंभरांतील 76 फेकी अचूक पोचल्या, टचडाउन सोळाचे साठ झाले. “वाट पाहावी” असा शेरा मिळालेल्या चेसने 1780 यार्ड मिळवले. प्रश्नचिन्ह मिळालेला तो ठेंगू गडी 1400 यार्डांहून अधिक धावला. पुढच्या पाच जणांच्या भिंतीला देशातील सर्वोत्तम भिंतीचे पारितोषिक लाभले.

भाचा आनंदाने वेडा झाला होता. स्वतःचे भाकीत चुकल्याचा एवढा हर्ष झालेला ज्योतिषी मी पाहिलेला नाही. “मामा, आपण सगळेच चुकलो,” तो म्हणाला. त्या ‘आपण’ने मी विचारात पडलो. त्याच्या वहीतील एकही आकडा खोटा नव्हता. मग चूक कोठे झाली? दिवसभर विचार करून मला एवढेच उमगले की 57.8 हा आकडा बरोचा नव्हताच. तो बरो आणि ती जुनी चाकोरी या दोघांचा मिळून झालेला आकडा होता. ज्या रीतीत निर्णय घेण्याला फारसा वावच नाही, तीत त्याची निर्णयशक्ती मोजली तरी कशी जावी? आम्ही जोडीचे गुण एकट्याच्या नावावर मांडले होते.

आणि मग, इतक्या उशिरा, मला हजेरीपट आठवला.

वीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सोलापूरकडचा एक विद्यार्थी होता. इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळवावी अशी त्याची फार इच्छा. वर्गात शंभरावर मुले. उभा राहून बोलू लागला की त्याचे शब्द अडखळत, उच्चार गावाकडचे पडत, मागच्या बाकावरून हसू उमटे. मी जुलैच्या पहिल्या आठवड्यातच त्याच्या नावापुढे खूण केली आणि एके दिवशी त्याला खोलीत बोलावून, अगदी मायेने, सांगितले, “तू इंग्रजीच्या नादी लागू नकोस. तुझा तो पिंड नव्हे. अर्थशास्त्र घे.” त्याने दोन क्षण माझ्याकडे पाहिले, “बरं सर,” म्हणाला आणि अर्थशास्त्र घेतले. वर्षाअखेर समासातील आपली खूण बरोबर ठरल्याचे पाहून मला समाधान वाटले, हे कबूल करायला हवे. जो मुलगा इंग्रजीच्या परीक्षेस बसलाच नाही, तो इंग्रजीत यशस्वी झाला नाही, हे माझे अचूक भविष्य!

तो मला 2017 साली एका बँकेत भेटला. आता अधिकारी झाला होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. त्याच्या टेबलाच्या कडेला हार्डीची एक जाडजूड कादंबरी होती, पाने पिवळी पडलेली, मध्ये बँकेची स्लिप खूण म्हणून घातलेली. “रोज डब्याच्या वेळी चार पाने वाचतो, सर,” तो थोडा लाजून म्हणाला, “सवय सुटत नाही. तुम्ही तेव्हा सांगितलेत म्हणून मार्गाला लागलो. उपकार आहेत तुमचे.” मी ते आभार स्वीकारले. घरी येऊन पत्नीला मोठ्या अभिमानाने सांगितलेही. ते आभार मला बोचायला भोगीची ती सकाळ उजाडावी लागली.

कारण त्याच्या अडखळण्यातही वाटा दोघांचा होता. शंभर मुलांचा वर्ग, उत्तरे उतरवून देण्याची माझी रीत, आणि मागच्या बाकावरच्या हसण्याला मी कधी न घातलेला पायबंद. हे सारे त्या खुणेत होते. मी मात्र ती त्याच्या एकट्याच्या नावापुढे केली. ब्रूक्स आणि वॉरन यांचे नाव घेऊन मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की शब्द संदर्भातून उचलून त्याचा अर्थ लावू नये. माणसाला मात्र मी संदर्भातून उचलले.

भाच्याच्या भाकितात आणि माझ्या भाकितात आणखी एक भेद आहे, आणि तोच मला अधिक अस्वस्थ करतो. भाचा बैठकीवर बसून भाकीत करतो. त्याच्या वहीतील शेऱ्याने बरोची एकही फेक इकडची तिकडे होत नाही. शिक्षक मैदानात उभा असतो. तो बोलला की गडी बाकावर जातो. बरोला एका विद्यापीठाने बाकावर बसवले तेव्हा त्याला दुसरे विद्यापीठ होते. सोलापूरकडच्या त्या मुलाला दुसरे कोणते होते?

पुढल्या वर्षी काय झाले, तेही सांगितले पाहिजे. 2020 च्या हंगामापूर्वी भाच्याने पुन्हा वही उघडली आणि गतवर्षीच्या विजयाने फुलून मोठमोठे शेरे लिहिले. बरो, जेफरसन, ब्रेडी निघून गेले होते, चेसही त्या वर्षी खेळला नाही. विजेता संघ पहिलाच सामना हरला आणि दहांपैकी पाच सामने गमावून बसला. भाचा पुन्हा चुकला, या वेळी उलट बाजूने. तरीही तो दर ऑगस्टला वही उघडतो आणि मला फोन करून वाचून दाखवतो. मला त्याचे आता नवल वाटत नाही. एकही सामना अद्याप हरलेला नाही असा तेवढाच महिना वर्षात असतो.

माझी पेन्सिल सुटली, असे लिहून हा लेख संपवता आला तर किती बरे झाले असते! परंतु ते खरे नाही. यंदाच्या जूनमध्येही पंधरा दिवसांत माझ्या खुणा करून झाल्या. इतक्या वर्षांची सवय हात सोडत नाही. फक्त त्या मी कोणाला बोलून दाखवीत नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एकदा रबर घेऊन बसतो. परवा एक मुलगी खोलीत आली. तिच्या नावापुढे माझी खूण चांगली नव्हती. “सर, मी इंग्रजी घेऊ का?” तिने विचारले. मी हजेरीपट मिटला आणि तिला म्हणालो, “बैस. तू सध्या काय वाचते आहेस, ते आधी सांग.”