सुमनला, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या पत्त्यावर

प्रिय सुमन,

‘अ वॉक इन द वूड्स’ बघू का म्हणून विचारलंस. बघ, पण जावई-नातवंडांना घेऊन बसू नकोस. त्यातल्या निक नोल्टीच्या तोंडाला लगाम नाही.

गोष्ट एवढीशीच. बिल ब्रायसन हा प्रवासलेखक, बरीच वर्षं इंग्लंडात काढून अमेरिकेत परतलेला, अपालाचियन ट्रेल चालायची टूम काढतो. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, १४ राज्यांतून, साडेतीन हजार किलोमीटर. बायको डोक्याला हात लावते. ओळखीपाळखीचं कुणी सोबत यायला तयार नाही. तयार होतो तो कॅट्झ. तरुणपणी याच्याबरोबर युरोप हिंडलेला, पुढे दारूपायी वाया गेलेला, आता दहा पावलांत धापा टाकणारा. ब्रायसन म्हणजे रॉबर्ट रेडफर्ड, कॅट्झ म्हणजे नोल्टी. ओढ्यात पडणं, अस्वलं येणं, अखंड बडबडून डोकं उठवणारी एक बाई गळ्यात पडणं, हे सगळं आहे. ती बाई क्रिस्टन शालनं झकास केलीय.

आता माझी तक्रार. ब्रायसन खरोखर चालला १९९६ मध्ये, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. पुस्तक आलं १९९८ ला. रेडफर्डला हा सिनेमा पॉल न्यूमनबरोबर करायचा होता, पण २००८ मध्ये न्यूमन गेला, आणि पडद्यावर यायला २०१५ उजाडलं. तोवर रेडफर्ड ऐंशीला टेकलेला. म्हणजे माणसं तीच, वय तीस-पस्तीस वर्षांनी वाढलेलं, आणि त्यानं गोष्टच पालटली. पुस्तकातही ते पूर्ण वाट चालत नाहीत. पण चव्वेचाळिशीच्या माणसानं अर्ध्यातून परत फिरायचं तर त्याला स्वतःलाच काहीतरी जाब द्यावा लागतो, आणि पुस्तकातलं हसू तिथूनच येतं. ऐंशीच्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. आपण त्याला म्हणतो, एवढं चाललात तेच खूप! हे ‘एवढं तेच खूप’ मला अलीकडे घरातही उठताबसता ऐकावं लागतं, म्हणून असेल, पण ते फार खुपलं.

शिवाय रेडफर्ड दमलेला दिसतच नाही गं. केस विस्कटले तरी शोभतात. आणि त्याची बायको एमा थॉम्प्सन, त्याच्याहून २३ वर्षांनी लहान! नायक कितीही पिकू दे, बायको तरणीच लागते. सिनेमा तरतो तो नोल्टीवर. त्याचा घोगरा आवाज, लाल चेहरा, ते शरीर ओढत नेणं. दोघं एका कड्यावरून घसरून खालच्या खडकाच्या पट्टीवर अडकतात, वर चढता येत नाही, खाली उतरता येत नाही, तिथे थांबून बघ. आपण नावारूपाला येण्याआधी कसे होतो हे ठाऊक असलेला माणूस शेजारी असला की बोलणं किती वेगळं होतं!

पण म्हाताऱ्या माणसांची खरी गोष्ट याच वाटेवर घडून गेलीय. एमा गेटवुड. ११ मुलांची आई, नवऱ्याचा मार खाल्लेली, पुढे घटस्फोट घेतलेली. १९५४ मध्ये मेनकडून निघाली, वाट चुकली, चष्मा फुटला, परत आली. पुढच्या वर्षी, ६७ व्या वर्षी, दुसऱ्या टोकाकडून निघाली आणि एकटीनं सबंध वाट पार केली. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. नंतर आणखी दोनदा केली. अशा बाईच्या गोष्टीतही विनोदाला जागा भरपूर आहे. फक्त त्यात तिच्या वयाची कीव करायला कुणाला जागा मिळणार नाही.

हे लांबण लावलं कारण ही वाट न्यू जर्सीतूनही जाते. डेलावेअर वॉटर गॅप तुझ्यापासून गाडीनं फार लांब नाही. तिथून वर सनफिश पाँड नावाचं तळं आहे, हिमनदीनं कोरलेलं. झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेले असतात, ते बघत चालायचं. वाट दगडाची आहे, काठी घे. जावयाला म्हणावं, वाहनतळावरच थांब. वर एकटी जाऊ नकोस. त्या तुझ्या देवळातल्या शेजारणीला विचार, ती खूप बोलते म्हणालीस ना? मग तर तिलाच ने.

तुझी,
नलू