थेंब डोळ्यात पडेपर्यंत

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली. शहरात अशा वेळी काळा चष्मा आणि चार दिवसांची सुट्टी पुरते. डहाणू-तलासरीकडच्या आश्रमशाळांत मात्र मुले शेजारी शेजारी निजतात, एका टॉवेलला दोघे-तिघे तोंड पुसतात. एकाचे डोळे लाल झाले की वर्गच्या वर्ग चोळत बसतो.

औषध पोहोचवावे, हे आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांच्या संस्कारात वाढलेल्या समाजाला सांगावे लागत नाही. खोके गाडीत चढते, महामार्ग सोडून गाडी कासा किंवा उधव्याच्या वाटेला लागते, शेवटचा टप्पा चिखलातून पायी होतो. पाड्यावर खोके उतरले की दात्याला वाटते, काम झाले. कठीण भाग तेथून पुढे असतो.

मूल डोळा घट्ट मिटून घेते. आई घाईने बाटलीचे टोक पापणीला टेकवते आणि तीच बाटली मग भावंडाच्या डोळ्याशी जाते. औषधच साथ वाहून नेते! हात साबणाने धुवावेत, खालची पापणी अलगद ओढून आत एकच थेंब सोडावा. दुसरा गालावर ओघळून वाया जातो. मलम शक्यतो रात्री, कारण त्याने काही वेळ धूसर दिसते. ज्या घरात वारली बोलली जाते तेथे छापील पत्रक काय सांगणार? हे शेजारी बसून, करूनच दाखवावे लागते.

घरोघरी उरलेली औषधे गोळा करून पाठवण्याचा उत्साहही तपासला पाहिजे. उघडून महिना झालेली बाटली टाकूनच द्यावी. स्टेरॉइड असलेल्या थेंबांनी लाली झटकन उतरते, म्हणून ते गुणकारी वाटतात. पण भाताची पात लागून बुबुळाला जखम झालेली असेल, तर तेच थेंब दृष्टी हिरावू शकतात. वैद्यांच्या सल्ल्यावाचून ते खोक्यात जाऊच नयेत.

साथीतले डोळे बहुधा विषाणूंमुळे येतात. त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो, आठ-पंधरा दिवसांत ते आपोआप निवळतात. मात्र वेदना वाढल्या, उजेड सोसेना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर तलासरीचे ग्रामीण रुग्णालय किंवा कासा, डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे लागते. त्या दिवशी आईची मजुरी बुडते, शिवाय दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे. त्याची सोय खोक्यात सहसा कोणी ठेवत नाही.