रेवड्यांवरची कुस्ती

शाळेतून निवृत्त झालो आणि कोल्हापूरच्या तालमींवर मासिक काढायचं खूळ डोक्यात शिरलं. आठ पानं, एकाच रंगात. वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं: वर्षात ५००० वर्गणीदार. हा आकडा कुठून आला, ते आजही सांगता येणार नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून तुडुंब भरलेलं पाहिलं होतं. एवढे शौकीन असताना पाच हजार म्हणजे किस झाड की पत्ती, असं वाटलं असावं. पहिल्या अंकाच्या हजार प्रती काढल्या. जास्त छापलं की प्रत स्वस्त पडते, असं प्रेसवाला म्हणाला. ते खरंच होतं. न विकलेली प्रत किती महाग पडते, ते मात्र मलाच कळायचं होतं.

विकल्या सत्तर. काही फुकट वाटल्या. बाकीच्या पलंगाखाली. चार महिन्यांत तिथं झाडू जाईना, तेव्हा बायकोनं एक गठ्ठा ओढून काढला आणि एवढंच विचारलं, "ह्याच्यावर पापड वाळत घालू काय?"

त्या संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर आमच्या पेठेतले वस्ताद भेटले. अंक फुकट नेणाऱ्यांत तेही होते. समोर म्हैस उभी, धार थेट पेल्यात पडत होती. फेस बसायची वाट बघत मी माझं रडगाणं गायलो.

"मास्तर, नव्या पोराला पयल्या दिवशी किती बैठका सांगत आसंन मी?"

"शंभर?"

"पंचवीस. हजार मारल्या तर दुसऱ्या दिवशी त्यो जिना उतरत न्हाई आणि तिसऱ्या दिवशी तालमीत येत न्हाई. मला तिसऱ्या दिवशी येणारा पोरगा पायजे." पेला खाली ठेवून ते पुढं म्हणाले, "जत्रंत पोराची पयली कुस्ती कशावर लागती?"

"रेवड्यांवर."

"मग तुमी एकदम गदेचीच जोड कशाला मागितली?"

त्या दिवसांत मी खाशाबा जाधवांवर लेख लिहीत होतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीतला हा मल्ल गादीवर सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, ही गोष्ट मी वर्गात कितीदा रंगवून सांगितली होती. मधल्या चार वर्षांवर मात्र माझ्या लेखात एक ओळही नव्हती.

वहीचं पहिलं पान फाडलं. नवीन पानावर माझ्या हातातल्या गोष्टी लिहिल्या. अंक एक तारखेलाच निघणार. महिन्याला दोन तालमींत तासभर बसून नुसतं ऐकायचं. प्रती, वर्गणीदार असतील तेवढ्या आणि वर वीस. एवढ्या थोड्या प्रतींना ऑफसेटची प्लेट परवडेना, म्हणून झेरॉक्सवर आलो. वर्षाचा आकडा ठेवला १५०, कारण तेवढ्या वर्गणीत कागद, छपाई आणि टपाल भागत होतं. शेजारी एक रकाना आखला: वर्गणी संपल्यावर पुन्हा भरणारे किती?

वरच्या वीस प्रती तालमींच्या कट्ट्यावर ठेवायचो आणि लांबून बघायचो. पोरं जुने फोटो उघडून "ह्यो कोण रं?" करत नावं शोधायची. थंडाईचं, खुराकाचं पान मोबाइलवर टिपून घ्यायची. माझं दोन पानी संपादकीय एकानंही वाचलं नाही. पुढच्या अंकापासून ते अर्ध्या पानावर आणलं आणि फोटोखाली उभ्या असलेल्या प्रत्येकाचं नाव छापलं. नावं छापली की त्या घरातून एखादी तरी वर्गणी यायची.

वर्ष संपलं तेव्हा वहीत १३८ नावं होती. पहिल्या सत्तरांतल्या ५२ जणांनी वर्गणी पुन्हा भरली होती. त्यांच्यापुढं लाल शाईनं खुणा केल्या आणि वही घेऊन दूधकट्ट्यावर गेलो. वस्तादांनी चष्मा लावून सगळी पानं सावकाश उलटली.

"बारा कमी पडली," मी म्हणालो.

"आणि पुढल्या साली?"

"दोनशे."

त्यांनी मान डोलावली, कनवटीला हात घातला आणि नोटा माझ्या पुढं धरल्या.

"आता अकराच कमी. लिव्हा."