भाताचा एक तास

भाताला ऊन किती सोसतं, हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. भाताची खरी परीक्षा असते ती तासाभराची! लोंबीतलं एकेक फूल साधारण सकाळी नऊनंतर उघडतं आणि तासाभरात मिटतं. नेमकं तेव्हा तापमान ३५ अंशांच्या वर गेलं, तर पराग नीट पडत नाहीत, रुजत नाहीत आणि दाणा पोचट राहतो. शेत मात्र हिरवंगार. बांधावरून बघणाऱ्याला कळतही नाही. कळतं ते झोडणीला.

म्हणून उष्णता सोसणारं वाण निवडताना दोन वाटा धरतात. एक, तो तास सोसणारं वाण. उत्तर प्रदेशातल्या नगीन्याचं 'नगीना २२' त्यातलं नावाजलेलं. दुसरी, तो तास चुकवणारं. ओरायझा ऑफिसिनॅलिस हा रानभात सकाळी लवकर फुलतो. संकर करून त्याचा हा गुण 'आयआर ६४'सारख्या वाणात आणला गेलाय. हुशारीच म्हणायची!

पण रात्रीचं काय? फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतातल्या नोंदींवरून २००४ मध्ये एक निष्कर्ष निघाला होता: कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान १ अंशाने वाढलं, की उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटतं. रात्र काही चुकवता येत नाही.

गंमत म्हणजे नगीना २२ स्वतः उंच वाढणारं आणि कमी पिकणारं. नुसता उतारा बघून निवड केली असती, तर ते केव्हाच बाद झालं असतं. कुणीतरी बी जपलं, म्हणून ते आज कामाला येतंय.

हे सगळं आठवायचं कारण आमचा दादा. कोकणात वायंगण करतो. घरचं जुनं बी यंदापासून बंद करतोय. "आडवं पडतं रे, परवडत नाही," म्हणाला. त्याचं चूक नाही. जुनं म्हणून ते उन्हाला टिकेलच असंही नाही. ते मोजूनच ठरवावं लागेल: नव्याच्या शेजारी लावायचं, फूल किती वाजता उघडतं ते बघायचं, पिकल्यावर भरलेले आणि पोचट दाणे वेगळे मोजायचे. पण बीच संपलं तर मोजणार काय?

त्याला म्हटलं, नवं लावच, घर चालायला हवं. जुन्याचा एक वाफा तेवढा ठेव. "आणि दाणे कोण मोजणार?" मी येतो म्हटलंय. कुणी येतंय का सोबत?