आत्ता काय चालू आहे

माझ्या फोनमध्ये गाण्यांचं एक अ‍ॅप आहे आणि त्यात एकही गाणं नाही. अण्णांच्या फोनमध्येही तेच अ‍ॅप आहे. हे त्यांना समजावून सांगायला मला अख्खा रविवार लागला होता. "मग गाणी हायेत कुठं?" या प्रश्नाचं खरं उत्तर होतं, पलंगाखाली.

पलंगाखाली माझा कॉलेजचा जुना लॅपटॉप आहे. त्यावर लिनक्स टाकलंय आणि त्यातली हार्ड डिस्क म्हणजे आमचं गाण्यांचं कपाट. हा झाला सर्व्हर. हॉलमध्ये अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेलं एक रास्पबेरी पाय आहे, पत्त्यांच्या डावाएवढं. ते सर्व्हरकडून आवाज घेतं आणि स्पीकरला देतं. हा झाला प्लेअर. आणि फोन? फोन फक्त हुकूम सोडतो. हे लाव, ते थांबव, आवाज कमी कर. गाणं फोनमधून जातच नाही. अण्णा फोन खिशात घालून बाजारात गेले तरी हॉलमधलं गाणं चालूच राहतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती, पण तेव्हा ती मला नुसती गंमत वाटली होती.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा थोडंच लहान आहे. २००० साली स्लिम डिव्हायसेस नावाची एक छोटी अमेरिकन कंपनी निघाली. घरातल्या कॉम्प्युटरवरची गाणी दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरवर ऐकता यावीत म्हणून ती एक डबा विकायची, आणि त्यासोबतचा सर्व्हर मुक्तस्रोत ठेवायची. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली. २०१२ मध्ये ते डबे बनवणं बंद झालं. एरवी अशी वस्तू इथेच संपते. पण सर्व्हरचा कोड उघडा होता, म्हणून वापरणारी माणसंच तो दुरुस्त करत राहिली. २०२४ मध्ये त्याचं नाव बदलून लिरियन म्युझिक सर्व्हर झालं. मालकाने हात काढून घेतल्यावरही बारा-तेरा वर्षं चालत राहिलेली ही वस्तू आहे. कॅसेटी ठेवायला मला असंच काहीतरी हवं होतं.

हो, हे सगळं कॅसेटींसाठी होतं. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. नांदेडच्या घरात त्यांनी जमवलेल्या एकेचाळीस कॅसेटी होत्या. भीमसेन जोशींचे अभंग, कुमार गंधर्व, प्रल्हाद शिंदे, रेडिओवरून टेप केलेलं बरंच काही. त्यातल्या पुष्कळशा गोष्टी आज यूट्यूबवर सापडतात. सतरा नंबरची कॅसेट मात्र सापडत नाही. ती १९९८ साली अहमदपूर तालुक्यातल्या आईच्या माहेरी भरलेली आहे. मामाच्या लग्नाच्या आधी घरातल्या बाया जात्यावर हळद दळत होत्या आणि अण्णांनी टेप जवळ ठेवून दिला. आजी, मावशी आणि आई ओव्या म्हणतायत. मागे जात्याची घरघर आहे. मध्येच एक लेकरू रडतं, ते मी असल्याचं सगळे सांगतात.

जात्यावरच्या ओव्या जपाव्यात असं वाटणारी मी काही पहिली नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या आज वाचायला, काही ऐकायलाही मिळतात. पण तिथे आमची आई नाही. आई तीन वर्षांपूर्वी गेली. तिचा आवाज एका साठ मिनिटांच्या फितीवर होता आणि फीत सत्तावीस वर्षांची झाली होती.

कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला जवळचा रस्ता नाही. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, तेवढ्याच वेगाने सरकू द्यायची. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. सीडीच्या दर्जाची एका तासाची नोंद साधारण ६३५ एमबी होते. फ्लॅकमध्ये दाबली की आवाजाचा एक कणही न गमावता बरीच कमी जागा घेते. मी सहा शनिवार-रविवार लातूरहून नांदेडला जाऊन हे केलं. नवऱ्याची नोकरी लातूरला, माझी कंपनी पुण्याची आणि काम घरून. चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटी तीन-साडेतीन तासांत नांदेडला पोचवते. येताना बॅगेत लॅपटॉप, जाताना आंबट वरणाचा डबा.

फायली झाल्या, सर्व्हर उभा राहिला, प्लेअर बोलू लागला. अण्णांच्या फोनवर स्क्वीझर नावाचं अ‍ॅप टाकलं आणि ते म्हणालं, सर्व्हर सापडत नाही.

इथे थोडं थांबते, कारण हे अ‍ॅप जोडताना जवळपास सगळे याच ठिकाणी अडकतात. अ‍ॅप सर्व्हर कसा शोधतं? दवंडी देऊन. फोन घरातल्या सगळ्या नेटवर्कला उद्देशून ३४८३ क्रमांकाच्या पोर्टवर एक हाळी देतो, 'कुणी गाण्यांचा सर्व्हर आहे का?' सर्व्हर ती ऐकतो आणि 'मी आहे, माझा पत्ता अमुक' असं उत्तर देतो. पण दवंडी शिवेपर्यंतच ऐकू येते. नेटवर्कची शीव म्हणजे राउटर. हाळी राउटर ओलांडत नाही, ओलांडू नये अशीच ती रचना आहे. नाहीतर जगातल्या प्रत्येक फोनची हाळी आपल्या घरात ऐकू आली असती.

आमच्या घरात दोन शिवा होत्या. फायबरवाल्याने बसवलेला एक राउटर, आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून नंतर कुणीतरी लावून दिलेला दुसरा. लॅपटॉप केबलने पहिल्याला जोडलेला, त्याचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा. अण्णांचा फोन दुसऱ्याच्या वायफायवर, त्याचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होणारा. एका घरात दोन गावं. फोन आपल्या गावात बोंबलत होता आणि सर्व्हर पलीकडच्या गावात शांत बसला होता.

अ‍ॅपमध्ये सर्व्हरचा पत्ता हाताने लिहिला, पुढे पोर्ट ९००० टाकलं आणि जोडणी झाली. दवंडी पोचत नसली तरी पत्ता लिहिलेलं पत्र पोचतं. अण्णांनी पहिलं गाणं लावलं, हॉलमध्ये भीमसेन जोशी सुरू झाले, आणि अण्णा फोनकडे न बघता स्पीकरकडे बघत राहिले.

दोन दिवसांनी लाइट गेली. आली तेव्हा जोडणी तुटलेली. घरातल्या यंत्रांना पत्ते राउटर वाटतो, आणि ते भाड्याने असतात. राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की जुन्याच खोलीत जागा मिळेल याची खात्री नाही. लॅपटॉपला वेगळा पत्ता मिळाला होता आणि अ‍ॅप जुन्या दारावर टकटक करत होतं. पुढच्या खेपेला दोन कामं केली. राउटरच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवला. आणि दुसऱ्या राउटरचं पत्ते वाटण्याचं काम काढून घेऊन त्याला नुसती रेंज वाढवायला ठेवलं. दोन गावांचं एक गाव झालं, दवंडी पोचायला लागली. पहिला राउटर इन्व्हर्टरवर घेतला. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहेच, घरच्या सर्व्हरसाठी जुना लॅपटॉप चांगला तो यासाठी.

अण्णा हे सगळं वहीत लिहून घेत होते. 'सर्व्हर म्हणजे मास्तर, राउटर म्हणजे शिपाई' असं काहीतरी.

उरलं लातूर. काही बिघडलं की दर वेळी एसटी पकडणं शक्य नव्हतं. मला लातूरहून त्या लॅपटॉपपर्यंत पोचायचं होतं. सरळ रस्ता बंद होता, कारण नांदेडच्या घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ताच नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. ते कधीच पुरेनासे झाले, म्हणून अनेक कंपन्या पुष्कळ गिऱ्हाइकांना मिळून एक पत्ता देतात. मोठ्या वाड्यात बिऱ्हाडं खूप आणि बाहेरचं दार एकच. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून कुणाचं दार वाजवावं ते कळत नाही. एका अर्थी बरंच होतं. या सर्व्हरला मुळात पासवर्डही नसतो, त्याचं पोर्ट कुणीही इंटरनेटवर उघडं टाकू नये. मी टेलस्केल वापरलं. ते दोन्ही बाजूंना आतून बाहेर यायला लावतं आणि मध्ये एक बंद बोगदा करून देतं. आता लातूरच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी अ‍ॅप उघडलं की नांदेडच्या हॉलमध्ये काय वाजतंय ते दिसायचं. गाण्याचं नाव आणि खाली सरकणारी रेघ.

मी अण्णांना आधीच सांगितलं होतं. "अण्णा, मला तिकडून दिसेल बरं का, काय चालू आहे ते." ते म्हणाले, "दिसू दे की. मी काय चोरून ऐकतो का?"

नांदेडात अण्णा एकटे असतात. लातूरला या म्हटलं तर चार दिवसांत परत निघतात. सकाळी फोन केला तर फिरायला गेलेले असतात, फोन घरी. त्यामुळे ती सरकणारी रेघ माझ्यासाठी हळूहळू गाण्यापेक्षा जास्त काहीतरी झाली. सकाळी साडेसहाला अभंग सुरू झाला की मी चहा टाकायची. म्हणजे उठले, म्हणजे बरे आहेत. एकदा पावणेआठपर्यंत रेघ आलीच नाही. शेजारच्या काकूंना फोन लावला, तर कॉलनीत रात्रीपासून लाइट नव्हती आणि इन्व्हर्टर उतरला होता. अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते.

आणखी एक गोष्ट दिसत होती, म्हणजे दिसत नव्हती. सतरा नंबर. दोन महिन्यांत तो एकदाही वाजला नाही. ज्या एका फितीसाठी एवढा खटाटोप केला तीच सोडून बाकी सगळं वाजत होतं. मला वाटलं, त्यांना ऐकवत नसेल. मी विषय काढला नाही.

दिवाळीत नांदेडला गेले. सकाळी सव्वासहाला जाग आली तर हॉलमध्ये अभंग सुरू होता आणि अण्णा चपला घालत होते.

"कुठं निघालात?"

"फिरायला."

"मग हे?"

"हे तुझ्यासाठी," ते म्हणाले. "लावून जातो. तुझी हजेरी होऊन जाते."

रोजचं होतं ते. उठायचं, गाणं लावायचं, फिरायला जायचं. रिकाम्या हॉलमध्ये भीमसेन जोशी गात राहायचे आणि लातूरला मी चहा टाकायची. गाणं फोनमधून जात नाही, माणूस घरात नसला तरी ते चालूच राहतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. तक्रारीचा सूर नव्हता. चाळीस मुलांची हजेरी घेतलेल्या माणसाने स्वतःची हजेरी द्यायचं शांतपणे मान्य केलं होतं, लेकीला काळजी नको म्हणून.

त्या रात्री त्यांच्या खोलीतून जात्याची घरघर ऐकू आली. दार लोटलेलं होतं. जुना टेपरेकॉर्डर उशाशी होता आणि आवाज अगदी बारीक. सकाळी मी विचारलं, "अण्णा, सतरा नंबर टेपवर कामून ऐकता? फीत झिजतीय. एखाद्या दिवशी अडकून तुटेल. सर्व्हरवर आहे ना ती."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथं तुला दिसतं ना."

चोरून ऐकतो का, असं विचारणाऱ्या अण्णांकडे चोरून ऐकण्यासारखी एकच कॅसेट होती.

आमच्या कामात एक गोष्ट वारंवार दिसते. एखादा आकडा माणसांवर नजर ठेवायला वापरला की माणसं त्या आकड्यासाठी काम करायला लागतात, आणि आकडा खरं सांगेनासा होतो. ऑफिसात आम्ही यावर हसतो. घरी त्याचा अर्थ वेगळा होता. माझ्याकडे येणारी खूण पोकळ होती, आणि जी खरी होती ती माझ्यापासून जपण्यासाठी अण्णा आईचा आवाज रोज थोडा थोडा झिजवत होते.

मी बोगदा काढून टाकला नाही, त्याला चावी लावली. अण्णांच्या फोनवर एक बटण करून दिलं. ते दाबलं तरच लातूरहून लॅपटॉपपर्यंत पोचता येतं, आणि तासाभराने ते आपोआप बंद होतं. काही बिघडलं तर ते दाबतील, मी दुरुस्त करीन. सर्व्हर काय किती वेळा वाजलं याचीही मोजणी ठेवतो, तो आकडा अ‍ॅपमध्ये समोर येणार नाही असं केलं. सकाळसाठी साधा करार झाला. फिरून आले की ते मिस्ड कॉल देतात. कधी विसरतात, मग मी करते.

कॅसेटच्या कडेच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडून ठेवल्या, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जाणार नाही. सिलिका जेलची पुडी घालून ती स्टीलच्या डब्यात ठेवली. ते अण्णांनी स्वतः केलं.

मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. "अगं, त्या ओव्या कुठं ठेवल्यास तू? सापडंना."

"अल्बममध्ये जा. सगळ्यात खाली. 'हळद, १९९८' असं लिहिलंय."

फोनच्या पलीकडे बोट सरकवण्याचा वेळ गेला.

"सापडलं. ठेव आता."

मी फोन ठेवला.