तहानेनं राखलेलं रान

सिंगापूरला मुलाकडे गेले की दुसऱ्या आठवड्यात मला मॉलचा वीट येतो. या खेपेला तो भल्या सकाळीच मॅकरिची जलाशयावर घेऊन गेला. "आई, पिशवी आधी सॅकमध्ये टाक," त्यानं शिरतानाच बजावलं. पिशवीत पोळीभाजी होती. प्लॅस्टिक सळसळलं की इथली माकडं मागे लागतात, आणि त्यांना खायला घातलं तर दंड माणसाला.

पाण्याच्या कडेनं फळ्यांची पायवाट जाते. पळणारी मंडळी घामानं निथळत बाजूनं निघून जात होती. मी मात्र थांबत थांबत. समोरून एक ओंडका तरंगत आला, अगदी सावकाश. ओंडक्यानं जीभ बाहेर काढली तेव्हा कळलं, घोरपड! डोकं तेवढं वर, मागे पाण्यावर लांबलचक रेघ. काठाशी येऊन ती वर चढली, फळीखाली शिरली आणि माझ्या पायाखालून पलीकडे निघून गेली. मी श्वास रोखून उभी.

पुढे अडीचशे मीटरचा झुलता पूल. जमिनीपासून सगळ्यात उंच जागी पंचवीस मीटर, एकामागून एकच जाता येईल एवढा अरुंद, शिवाय एकेरी. पाऊल टाकलं की माघार नाही. खाली नुसते झाडांचे शेंडे. तिथंच एका फांदीवर शेपटीची दोन पिसं लांब तारेसारखी सोडून भृंगराज बसला होता. हा तर आपल्या ठाण्याजवळच्या येऊरचा!

या रानाला वाचवलं ते तहानेनं. मिरी आणि गॅम्बिर नावाच्या झुडपाच्या मळ्यांनी एकोणिसाव्या शतकात बेटावरचं जंगल गिळलं. शहराला चांगलं पाणी मिळेना, म्हणून टॅन किम सेंग या व्यापाऱ्यानं 1857 मध्ये तेरा हजार डॉलर काढून दिले. जलाशय 1868 मध्ये बांधून झाला, पण पाणी शहरात पोचायला आणखी जवळपास दहा वर्षं लागली. (सरकारी काम, दुसरं काय!) पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालच्या रानाला कुऱ्हाड लावायची नाही असं ठरलं. सोडून दिलेल्या मळ्यांवरही पुन्हा झाडं आली.

आणि मला विहार तलावाशेजारचं आमचं भांडुप आठवलं. विहारचं पाणी मुंबईला 1860 पासून, तुळशी तलावाचं 1879 पासून. आज शहराला लागणाऱ्या शंभर लिटरांत या दोघांचं तीन लिटरसुद्धा नसेल. पण त्यांच्याभोवती कुणाला शिरू दिलं नाही, म्हणून बोरिवलीचं जंगल उरलं, बिबट्यासकट. बाबा जलखात्यात कारकून होते, तरी विहार आम्ही टेकडीवरून, लांबूनच पाहिला. तेव्हा त्या कुंपणाचा फार राग यायचा. इथं लोकांना आत येऊ दिलंय, रानही शाबूत आहे. हे तिकडे जमेल? माणूस म्हणून हो म्हणावंसं वाटतं, मुंबईकर म्हणून जीभ अडखळते.

परतताना लेकानं फाटकाजवळच्या नळावर बाटली भरली आणि माझ्यापुढे धरली. गार, नितळ पाणी. घसा कोरडा पडला होता. तरी सवयीनं तोंडून गेलंच, "अरे, उकळलेलं नाही ना हे?"